अकरा नंबरचे आजोबा गोड बोलले

आमच्या ह्यांना पोलीस ठाण्यात सगळे 'टेलिफोन' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मला सगळं कळतं. गावातल्या एकुलत्या एक पोलीस ठाण्यातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप माझ्या वहीत आहे. गणवेश सैल करायला आणि आवळायला सगळे माझ्याकडेच येतात. म्हणजे आवळायला अजून कोणी आलेलं नाही, पण आलं तर माझ्याकडेच येईल. आणि मी तोंडात टाचण्या धरून पँटच्या घडीशी बसलेली असले, की माणसं माझ्या डोक्यावरून वाट्टेल ते बोलतात.

हे हवालदार. सव्वीस वर्षं रस्त्यावर काढली, मग गुडघा गेला. कसा गेला ते त्यांना विचारू नका, कारण ते चोराचं नाव सांगतात. चोर होता हे खरं आहे. तो बाकावर बसून चहा पीत होता. हे त्याच्यासाठी बिस्किटं आणायला निघाले आणि नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून थेट खाली. तो चोरच बिचारा ह्यांना उचलून आत घेऊन आला.

तेव्हापासून ह्यांना टेबलाचं काम मिळालं. तक्रारी लिहून घ्यायच्या. आमचं शहर लहान, मोठे गुन्हे कधीतरी. रोज येणार ते म्हातारी माणसं. कोणाची छत्री हरवली, आणि छत्री हातात. कोणाच्या शेजाऱ्याचा पंखा फार आवाज करतो. एक आजी तर रोज यायच्या की आमचं वर्तमानपत्र कोणीतरी चोरतं. ह्यांनी चार दिवस तपास केला. तपासात निघालं काय, तर आजींकडे वर्तमानपत्र येतच नव्हतं!

दुसरा कोणी असता तर झापलं असतं. ह्यांनी आजींना चहा पाजला आणि म्हणाले, "आजी, तीन जिने उतरून, दोन रस्ते ओलांडून रोज खोटं बोलायला कशाला येता? मीच सकाळी फोन करत जाईन. घरबसल्या बोला."

झालं. आजींनी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने भावाला. वर्षभरात ह्यांच्या वहीत एकोणीस जण जमा झाले, सगळे एकटे राहणारे. रोज सकाळी साडेसातला हे फोनला बसणार. उठलात का, औषध घेतलं का, गुडघा काय म्हणतो. तीन वेळा फोन करून कोणी उचलला नाही, की ठाण्यातून कोणीतरी त्यांच्या घरी जाणार. दार फोडायची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येकाची जादा किल्ली ठाण्यात, भिंतीवरच्या फळीला टांगलेली.

आणि मी? मी बावीस वर्षं त्याच घरात सकाळी उठते आहे. मला एकदा तरी विचारलं असेल, उठलीस का, औषध घेतलंस का? नाव काढू नका!

त्या किल्ल्यांवरून तर आमचं एकदा चांगलंच वाजलं. मी डबा द्यायला गेले होते. बघते तर एकाही किल्लीवर नाव नाही, नंबर नाही. चिठ्ठ्या लावलेल्या, आणि त्यांवर काय? 'हळू बोला.' 'दोन मांजरी.' 'मुलगा परदेशात.' त्याच्या शेजारी 'आणखी एक मुलगा परदेशात.' 'लिंबू.' 'कुठंय चष्मा.'

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"नावं लिहिली तर चोराला आयतं कळेल ना कुठली किल्ली कुठल्या घराची."

"पोलीस ठाण्याच्या आत येऊन कोण किल्ली चोरणार आहे?"

"तुला इथे येणाऱ्या माणसांची कल्पना नाही," हे म्हणाले. आणि वर समजावून सांगितलं, की सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे, काळजी नको. हवालदाराचं डोकं भिंतीला टांगता येत नाही, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यातली एक चिठ्ठी होती 'मध'. ही किल्ली वहीतल्या अकरा नंबरची. अकरा नंबर म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाजारातले दुकानदार अजून त्यांना बघून तराजू पुसतात. त्यांनी स्वतःहून कधी ह्यांना फोन करायला सांगितलं नव्हतं. शेजारणीने परस्पर नाव दिलं आणि किल्लीही तिनेच आणून दिली, म्हणून अकरा नंबर सहा वर्षं रागावलेले. साडेसातच्या पुढेमागे फोन वाजला की उचलणार आणि म्हणणार, "जिवंत आहे. ठेवा." बस. तीन शब्द. एकदा फक्त म्हणाले होते, "तुमचं घड्याळ दीड मिनिट मागे आहे." त्या दिवशी हे घरी आले ते हसतच. "अगं, आज मधाची बाटली उघडली!" जेवताना एकोणिसांच्या एकोणीस बातम्या मला ऐकाव्या लागतात. माझा इलाज नाही, ताटावरून उठता येत नाही.

आता डोळ्याचं सांगते. ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आकडे नीट दिसेनात, चुकीचे फोन लागायला लागले. एकदा व्यायामशाळा चालवणाऱ्या एका पहिलवानाला लागला. ह्यांनी त्याला प्रेमाने विचारलं, "काय, उठलात का? पोट साफ झालं का?" तो गडी इतका गहिवरला, की दुसऱ्या दिवशी त्यानेच ठाण्यात फोन करून विचारलं, आज मला का नाही केला?

हसण्यावारी नेलं तिथेच चुकलं. डोळ्यातला दाब वाढत चालला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ह्यांनी पुढे ढकलली, कारण वर्तमानपत्रवाल्या आजींना ताप होता. दुसरी तारीख दिली, ती 'दोन मांजरी'मधली एक मांजर हरवली म्हणून ढकलली. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. मग मला काही करता येणार नाही."

मी घरी येऊन कात्री घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. "या वेळी दवाखान्यात गेला नाहीत, तर तुमच्या तिन्ही गणवेशांची बटणं एकेक करून कापून टाकीन. मग जा ठाण्यात टॉवेल गुंडाळून."

तसे हे तयार झाले. पण मन कुठे थाऱ्यावर होतं? त्यातच ठाण्याच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमनी एक यंत्र बघून ठेवलेलं. यंत्र आपोआप सगळ्यांना फोन लावणार, रेकॉर्ड केलेला आवाज विचारणार, 'आपण ठीक असाल तर एक दाबा.' पुढच्या सोमवारपासून सुरू. मॅडम तशा चांगल्या, हुशार, कामाला वाघ. पण ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. "एक दाबा," असं स्वतःशीच म्हणायचे आणि पाणी प्यायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ह्यांनी एकोणिसांना बजावून सांगितलं, की उद्या फोनवर माझा आवाज नसेल, अकरा वाजता माझं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. कोणी देवाचं नाव घ्या म्हणालं, कोणी गाजर खा म्हणालं. अकरा नंबरना सांगता सांगताच पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ह्यांनी मला तेही जेवताना सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी साडेदहाला ह्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात शिडी आली. शिडी म्हणजे आमच्या ठाण्यातली महिला शिपाई. अंगाने बारीक आणि उंच इतकी, की तिच्या प्रत्येक पँटला मला खाली चार बोटं कापड जोडावं लागतं. त्या दिवशी सकाळचे फोन तिच्याकडे होते, आणि आता ह्यांच्या रजेच्या अर्जावर सही घ्यायला आली होती.

"गेले का आत? राहू दे, सही उद्या घेईन," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. "वहिनी, उगाच घाबरवून ठेवलं होतं हो मला हवालदारांनी. अकरा नंबर फटकळ आहेत, जपून बोल, मनाला लावून घेऊ नकोस. छे! सगळ्यांत गोड तेच बोलले."

"कोण?"

"ते वजनमापवाले आजोबा. म्हणाले, 'मी अगदी ठीक आहे. आभारी आहे. तुम्ही लोक फार चांगलं काम करता. दिवस चांगला जावो.' मला तर बाई बरंच वाटलं."

मी तिच्याकडे वळले. "आभारी आहे म्हणाले?"

"हो."

"दिवस चांगला जावो?"

"हो ना."

"अगं शिडी, ऊठ! त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय!"

मी एव्हाना चपला घालून जिन्याशी पोहोचले होते. नर्स मागून धावत आली, "काय झालं? आत निरोप द्यायचा का? अजून सुरू नाही केलं त्यांचं."

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की बाकावरचे तीन पेशंट सरळ बसले. "एक अक्षर आत गेलं तर बघा."

शिडीच्या मोटरसायकलवर मागे बसून मी आयुष्यात पहिल्यांदा ठाण्यात वेगाने गेले. मॅडम टेबलाशी होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, मला नीट कळू द्या. त्यांनी फोन उचलला?"

"हो."

"ठीक आहे म्हणाले?"

"हो."

"आणि नीट बोलले, म्हणून आपण त्यांच्या घरात शिरायचं?"

"मॅडम, सहा वर्षांत तो माणूस नीट बोललेला नाही! माझ्या नवऱ्याला विचारा. म्हणजे नका विचारू, त्यांच्या डोळ्यात आत्ता सुया आहेत."

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग शिडीला म्हणाल्या, "डायरीत नोंद करा आणि निघा."

"काय लिहू, मॅडम?"

"जे झालं ते लिहा."

शिडीने लिहिलं. ती नोंद अजून ठाण्याच्या डायरीत आहे: 'सदर इसम फोनवर सौजन्याने बोलल्यामुळे संशय बळावला.'

आता किल्ली. शिडीने वहीतून पत्ता काढला, पण फळीसमोर उभी राहिल्यावर तिचा चेहरा पडला. मग तिने आत्मविश्वासाने 'लिंबू' उचललं. "हीच असणार. आंबट माणूस."

"ठेव ती! त्या बाईंच्या अंगणात लिंबाचं झाड आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकलेलं कुठेतरी कामाला आलं. मी 'मध' काढून तिच्या हातात दिलं. "ही घे आणि गाडी काढ."

घर सायकलदुरुस्तीच्या दुकानामागच्या बोळात, तळमजल्यावर. बाहेर लोखंडी जाळीचं दार नुसतं ओढलेलं, आत लाकडी. बेल वाजवली, उत्तर नाही. शिडी खिडकीचे गज धरून टाचा उंचावून बघू लागली. "वहिनी, पाय दिसतोय एक. स्वयंपाकघरात." मी तिच्या हातातली किल्ली हिसकावली. किल्ली कुलपात जाता जाईना. शेवटी तिनेच लावली.

अकरा नंबर स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले. शेजारी उलटं स्टूल, पाय नको तिकडे वळलेला, चेहरा पांढराफटक, ओठ निळसर. डोक्याखाली टॉवेलची घडी त्यांनी स्वतःच घातली होती. टेलिफोन वायरीला धरून जमिनीवर ओढून घेतलेला, हाताशी. आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मला वाटलं हायसं वाटेल त्यांना. कसलं काय! आम्हाला बघून कपाळाला आठी.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" आवाज अगदी खोल गेलेला, पण राग जागच्या जागी. "बारा वाजता मी करणारच होतो फोन."

मला वाटलं भ्रमात बोलतायत. शिडीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी त्यांच्या अंगावर चादर घातली, हात चोळत बसले. हात बर्फासारखे गार. त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग राहू दिला. स्ट्रेचर आलं तेव्हा उचलणाऱ्यांना म्हणाले, "डावीकडे झुकलंय." आणि डावीकडे झुकलेलंच होतं.

दवाखाना एकच. हे वरच्या मजल्यावर, अकरा नंबर खाली. खुबा मोडला होता. सकाळी सहाला पडलेले, पाच तास गार फरशीवर. खालचे डॉक्टर म्हणाले, या वयात आणखी तासभर म्हणजे काही सांगता आलं नसतं. ते ऐकून मी जिन्यात बसून घेतलं आणि मग वर गेले.

ह्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं. डोळ्यावर ही एवढी पट्टी. पहिलं वाक्य काय, तर "सगळ्यांनी फोन उचलले?"

"उचलले," मी म्हटलं. "एकोणीसच्या एकोणीस." खोटं काय होतं त्यात?

दुपारी मॅडम स्वतः आल्या. अकरा नंबरच्या खोलीबाहेर जरा उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "काकू, त्यांनी एक दाबला असता, नाही?" त्यांनी तिथूनच यंत्रवाल्याला फोन लावला आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्या गणवेशाचे खांदे मी दुसऱ्याच दिवशी फुकट नीट करून दिले.

संध्याकाळच्या आत मी खाली गेले. एव्हाना भीती उतरली होती आणि तिच्या जागी राग चढला होता. अकरा नंबर उशीला टेकून पडले होते, पायाला वजन बांधलेलं. त्या वजनाकडे ते बारीक नजरेने बघत होते.

मी स्टूल ओढलं. "शहाणे आहात का तुम्ही? फोन हातात होता. पोरगी पलीकडे बोलत होती. पडलोय एवढं एक सांगता येत नव्हतं? दिवस चांगला जावो काय! मेला असतात तर?"

"आवाज कमी करा, बाई. वर जाईल."

"काय वर जाईल?"

"आवाज." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "त्या मुलीला सांगितलं असतं, तर तिने ठाण्यात सांगितलं असतं. तुमच्या ठाण्याच्या पोटात काही राहतं का? पाच मिनिटांत बातमी दवाखान्यात. आणि मग तुमच्या नवऱ्याने काय केलं असतं?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"दोनदा ढकललंय त्याने ऑपरेशन. एकदा मांजरीसाठी," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं होतं त्याने मला. मी फोन ठेवला असं समजतो, म्हणून त्याला वाटतं मी ऐकत नाही. आवाज झाला तरी तो वाक्य पुरं करतो. मी रिसीव्हर फक्त टेबलावर ठोकतो आणि ऐकत राहतो."

"म्हणून तुम्ही पाच तास..."

"ऑपरेशन अकराला. डॉक्टर मंडळींचा पाऊण तास धरला. पंधरा मिनिटं वरची. बारा. हिशोब बरोबर होता." ते माझ्याकडे वळले. "खरं सांगा. कळलं असतं तर तो आला असता की नाही?"

मला डोळ्यांसमोर दिसलं. हे, दवाखान्याचा हिरवा झगा घातलेले, लंगडत, त्या बोळात. नाही म्हणायची फार इच्छा होती.

"आला असता," मी म्हटलं.

"मग?"

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी काय करावं तेच कळेना. बावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, ज्याच्या डोळ्यासाठी मी भांडत होते, त्या माणसासाठी हा कोण कुठला म्हातारा मोडका खुबा घेऊन घड्याळ बघत पडला होता. मी त्यांचं पांघरूण ओढून सारखं केलं, गरजेपेक्षा जास्त जोरात. "पुन्हा असं काही केलंत तर माझ्याशी गाठ आहे."

"त्याला यातलं काही सांगू नका," ते म्हणाले. "आठ दिवस डोळ्यातून पाणी काढायचं नाहीये त्याने."

आठ दिवस मी तोंड शिवून बसले. पडल्याचं सांगितलं, कारण सांगितलं नाही. नवव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला, आता काही हरकत नाही म्हणाले, आणि मी बाहेर पडता पडता दवाखान्याच्या जिन्यातच सगळं सांगून टाकलं. हे खालच्या पायरीवर बसले. लोक बाजूने जात-येत होते. मी शेजारी बसले आणि पदर पुढे केला.